सोयीचा शेवट

"मामा, तो माणूस पहिल्या मिनिटालाच मेलाय. पुढचं सगळं त्याच्या डोक्यात चाललंय."

पुण्याहून हिवाळ्याच्या सुट्टीत आलेला माझा भाचा हे इतक्या खात्रीने बोलला, की मी चहाचा कप घेऊन तिथेच बसलो. शारजातल्या आमच्या घरी त्या रात्री तीन मुले होती: भाचा, माझा अकरावीतला मुलगा आणि त्याचा शाळेतला मित्र. वाद चालला होता 'स्पेक ऑप्स: द लाइन' या व्हिडिओ गेमच्या शेवटावर. मुलगा म्हणाला, "मेला नाहीये, त्याला भ्रम होतायत. वेड लागलेल्या माणसाला दोष कसा देणार?" मित्र म्हणाला, "काका, दोष त्याचाही नाही आणि खेळणाऱ्याचाही नाही. गेम लिहिणाऱ्यांनी दुसरा रस्ताच ठेवला नव्हता."

रात्रीचे अडीच वाजले तरी वाद मिटेना. मी सुरुवातीला मध्ये पडलो नाही. पण ऐकता ऐकता एक गोष्ट मनात रुतून बसली आणि तिच्यासाठीच हा लेख लिहितो आहे. तिघांच्या तीन थिअऱ्या होत्या. एकीचा दुसरीशी मेळ नव्हता. तरी तिन्हींचा निकाल एकच होता: गेमचा नायक कॅप्टन वॉकर सुटला.

हा गेम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बर्लिनच्या यागर या कंपनीने तो घडवला आणि टू-के गेम्सने जून २०१२ मध्ये बाजारात आणला. गोष्ट घडते दुबईत, पण ही दुबई आपल्या ओळखीची नाही. वाळूच्या प्रचंड वादळांनी शहर गाडले गेले आहे, उंच इमारतींचे फक्त वरचे मजले उघडे आहेत. अफगाणिस्तानातून परतणाऱ्या अमेरिकी तुकडीचा कर्नल जॉन कोनराड लोकांना बाहेर काढण्यासाठी थांबतो आणि त्याचा जगाशी संपर्क तुटतो. सहा महिन्यांनी कॅप्टन मार्टिन वॉकर दोन साथीदारांना घेऊन शहरात शिरतो. त्याला हुकूम एवढाच असतो, की पाहणी करा, कोणी जिवंत आढळले तर कळवा आणि परत या. वॉकर परत फिरत नाही. आपण लोकांना वाचवणार, या हट्टाने तो पुढे पुढे जातो आणि प्रत्येक पावलाला अधिक माणसे मरत जातात. दुबईचा असा विध्वंस दाखवणाऱ्या या गेमवर अमिरातीत बंदी आली. पुढे २०२४ च्या आरंभी, त्याच्याशी संबंधित परवान्यांची मुदत संपत आल्यामुळे, तो डिजिटल दुकानांतूनही काढला गेला. भाच्याच्या पुण्यातल्या संगणकावर तो आधीपासून होता. इथल्या दोघांना त्याची गोष्ट ऐकून-पाहून ठाऊक होती.

या गोष्टीचा कणा म्हणजे मधला एक प्रसंग. समोर शत्रूची मोठी छावणी असते आणि हाती पांढऱ्या फॉस्फरसचे तोफगोळे येतात. हे द्रव्य हवा लागताच पेट घेते आणि कातडीला चिकटून जळत राहते. वॉकर एका पडद्यावर बघत गोळे सोडतो. पडद्यावर माणसे दिसत नाहीत, नुसते पांढरे ठिपके दिसतात. त्याच काचेवर त्याचा स्वतःचा चेहराही उमटलेला असतो. एका चरात ठिपक्यांची दाटी दिसते, तिथेही गोळा पडतो. धूर निवळल्यावर तो खाली उतरतो, तेव्हा कळते की चरात सैनिक नव्हते. आसऱ्याला आणलेली साधी माणसे होती. एक आई लेकराला छातीशी धरून जळाली आहे.

त्यानंतर वॉकरला रेडिओवर कोनराडचा आवाज ऐकू येऊ लागतो. या सगळ्याला कोनराडच जबाबदार, असे तो स्वतःला सांगत राहतो. शेवटी शहरातल्या सर्वांत उंच मनोऱ्यावर तो पोहोचतो, तर कोनराड फार पूर्वीच मेलेला असतो. रेडिओवरचा आवाज वॉकरच्याच मनातला होता. मग आरसा, आरशात कोनराड, आणि निवड: स्वतःचा अंत करायचा की त्या प्रतिबिंबावर गोळी झाडायची. जगलाच तर कोनराडचा कोट अंगावर चढवून तो बसलेला असतो आणि त्याला न्यायला आलेल्या सैनिकांपुढे शस्त्र ठेवायचे की त्यांच्यावरच चालवायचे, हे पुन्हा खेळणाऱ्याच्या हाती. कोणता शेवट खरा, हे गेम सांगत नाही.

माणसे यावर दहा-बारा वर्षे वाद घालत आली, यात मला काहीच गैर वाटत नाही. "गेम तो गेम, त्यात कसली चर्चा" असे म्हणून उठून जाणाऱ्या पालकांपैकी मीही अनेक वर्षे होतो. ती माझी चूक होती. ज्या वयात आम्ही कादंबरीतल्या पात्रांवर भांडलो, त्या वयात ही मुले वॉकरवर भांडत आहेत. भांडू द्यावे. फक्त कशासाठी भांडतो आहोत, हे त्यांना विचारणारे कोणीतरी घरात असावे. म्हणून तिघांच्या थिअऱ्या मी एकेक करून तपासतो.

पहिली भाच्याची, वॉकर मेलेला असल्याची. तिला पुरावा नाही असे नाही. गेमची सुरुवातच हेलिकॉप्टर कोसळण्याने होते. पुढे तोच प्रसंग पुन्हा येतो, तेव्हा हे आधी घडून गेले आहे, असे काहीसे वॉकर स्वतःच बोलून जातो. गेमचे लेखक वॉल्ट विल्यम्स यांनीही मुलाखतीत हा अर्थ आपल्याला पटतो असे सांगितले आहे. दृश्य पांढऱ्यात विरते तेव्हा वॉकर भ्रमात असतो आणि काळ्यात विरते तेव्हा ते खरे घडलेले असते, अशी खूणही त्यांनी दिली. तेव्हा घटकाभर मान्य करू, की हा मेलेल्या माणसाचा नरक आहे. म्हणून काय झाले?

आपल्याकडे ही गोष्ट हजारो वर्षांपूर्वी सांगून झाली आहे. महाभारताच्या अखेरच्या स्वर्गारोहण पर्वात युधिष्ठिर स्वर्गात जातो, तर तिथे दुर्योधन मानाने बसलेला आणि आपले भाऊ मात्र नरकात. दुर्गंधीतून, अंधारातून भावांचे आवाज येतात: थोडा वेळ थांब, तू आहेस तर आम्हाला बरे वाटते. देवदूत परत चला म्हणतो. युधिष्ठिर म्हणतो, मी इथेच राहणार. मग इंद्र येऊन सांगतो, की ही सारी माया होती. अश्वत्थामा मेल्याची जी अर्धी खोटी बातमी तू द्रोणाला दिलीस, तिच्यापायी तुला एवढा नरक पाहावा लागला. नरक मायेचा होता, पण त्या नरकात थांबण्याचा युधिष्ठिराचा निर्णय मायेचा नव्हता. तो पूर्णपणे त्याचा होता, म्हणूनच तो आपल्याला आजही मोठा वाटतो. स्वप्नात केलेले चांगले जर माणसाच्या खात्यात जमा होत असेल, तर भ्रमात केलेले वाईट खात्यातून आपोआप पुसले जाईल, हा हिशेब मला मान्य नाही.

दुसरी थिअरी माझ्या मुलाची: वॉकर वेडा झाला, म्हणून निर्दोष. इथे मी मुलाला एकच विचारले, "वेड आधी लागलं की फॉस्फरस आधी पडला?" तो बराच वेळ गप्प होता. कोनराडचा आवाज त्या चराच्या आधी नाही, नंतर येतो. आपल्या हातून जे घडले ते सोसवेना, म्हणून वॉकरच्या मनाने दुसरा गुन्हेगार उभा केला. वेड हे त्याच्या कृत्याचे कारण नव्हते, कृत्यानंतर शोधलेला आडोसा होते. खऱ्या मनोरुग्णाविषयी आपल्या मनात करुणाच हवी आणि कायद्यानेही त्याला वेगळे मानलेच पाहिजे. पण म्हणूनच आजाराचे नाव सोयीसाठी वापरणे हा त्या रुग्णांवरही अन्याय आहे.

तिसरी थिअरी मित्राची आणि ती सर्वांत वजनदार आहे. त्या प्रसंगात खेळणाऱ्याला खरेच दुसरा मार्ग नाही. फॉस्फरस टाळून नुसत्या बंदुकीने लढायचे ठरवले तरी शत्रू संपत नाही. तोफ चालवल्यावाचून गोष्ट पुढे सरकत नाही. आधी हात धरून करायला लावायचे आणि मग तू हे केलेस म्हणायचे, ही लेखकाची लबाडी आहे, असा आक्षेप अनेक जाणत्यांनी घेतला आहे. हा आक्षेप खरा आहे, लेखकाचा वाटा लेखकाच्या पदरात घातलाच पाहिजे. पण वाटा म्हणजे सगळे नव्हे. खेळणाऱ्याला मार्ग नव्हता, वॉकरला होता. त्याला पाहणी करून परत यायला सांगितले होते. आणि खेळणाऱ्यापुरतेही एक उरतेच: गोळे सोडताना, ठिपके विझताना, मनाला काय वाटत होते? भाच्याने प्रामाणिकपणे सांगितले, "मामा, मजा येत होती." ती मजा लेखकाने लिहून दिलेली नव्हती.

तिन्ही थिअऱ्या तपासून झाल्यावर माझ्या लक्षात आले, की अडीच तासांच्या वादात चरातल्या माणसांबद्दल कोणी एक शब्द काढला नव्हता. वॉकर जिवंत की मेलेला, वॉकर शहाणा की वेडा, सगळे वॉकरभोवती. गेमनेही त्या माणसांना नावे दिलेली नाहीत. ही खोड जुनी आहे. कोनराड हे नाव ज्याच्यावरून घेतले त्या जोसेफ कॉनराडने १८९९ मध्ये 'हार्ट ऑफ डार्कनेस' लिहिली. काँगोच्या जंगलात एका युरोपीय माणसाचे मन कसे कोसळते याची ती कथा. १९७५ मध्ये नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी अमेरिकेतल्या एका व्याख्यानात तिच्यावर बोट ठेवले: एका युरोपीय मनाची पडझड दाखवण्यासाठी अख्खी आफ्रिका नुसता पडदा म्हणून वापरली आणि तिथली माणसे माणसे राहिलीच नाहीत. या गेममध्ये आफ्रिकेच्या जागी दुबई आली, एवढाच फरक. ज्या देशात लाखो भारतीय राहतात, जिथे आमची मुले शाळेत जातात आणि आमचे गणपती बसतात, त्या देशातली माणसे तिथे पांढरे ठिपके झाली. त्यावर वाद घालताना आमच्याच मुलांना ते ठिपके दिसू नयेत, याचे मला फार वाईट वाटले.

पण मुलांना बोल लावण्याआधी मला स्वतःकडे बघणे भाग होते. मी इथे वीस वर्षे बांधकामाच्या साइटवर इंजिनिअर आहे. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचा नियम आहे. स्लॅबचे काँक्रीट ओतणे यासारखी मध्येच थांबवता न येणारी कामे त्यातून वगळली आहेत. तीही सावली, पाणी वगैरे सोय करूनच. एका जुलैमध्ये आमचे काम मागे पडले होते. स्लॅब दुसऱ्या दिवशी ओतायचा होता. सळया बांधण्याचे काम आरामात थांबवता आले असते. मी वहीत ते ओतण्याच्या कामाचा भाग म्हणून दाखवले आणि माणसांना वर ठेवले. पावणेदोनच्या सुमारास एकजण चक्कर येऊन सळयांवर कोसळला. त्याला खाली आणले, पाणी शिंपडले, दवाखान्यात नेले. तो वाचला. आठवड्याभराने कामावरही आला.

त्यानंतर मी मनाशी काय काय म्हटले, ते ऐका. वेळापत्रक माझे नव्हते, वरून आले होते. सगळ्याच साइटवर असे चालते. त्यानेच सकाळी नीट खाल्ले नसेल. मी नसतो तर दुसऱ्या कोणी हेच केले असते. त्या रात्री मुलांचा वाद ऐकताना ही माझीच वाक्ये मला पुन्हा ऐकू आली. एक थिअरी म्हणते दोष लिहिणाऱ्याचा, एक म्हणते मी ताळ्यावर नव्हतो, एक म्हणते मुळात खरे असे काही घडलेच नाही. पण वहीत ती नोंद माझ्या पेनाने लिहिली होती. हे मी मुलांना सांगितले. तेव्हा माझ्या मुलाने विचारले, "बाबा, त्याचं नाव काय होतं?" मला आठवले नाही. हजेरीत त्याचा नंबर होता, तोच मी नेहमी बघत असे.

ही खोड व्यक्तीपुरती राहत नाही, ती समाजाची होते. १६ एप्रिल २०२४ चा पाऊस इथले कोणीच विसरणार नाही. अल ऐनजवळ खत्म अल शकला येथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस पडला. १९४९ पासून नोंदी आहेत, त्यातला हा सर्वांत मोठा. शारजातल्या कितीतरी गल्ल्यांत आठवडाभर पाणी होते. त्याच संध्याकाळपासून प्रत्येकाच्या तोंडी एक थिअरी आली: विमानांनी ढगात मीठ फवारले, म्हणून हे झाले. कृत्रिम पावसाचे प्रयोग महाराष्ट्रालाही नवे नाहीत, त्यामुळे ही गोष्ट आपल्या लोकांना पटकन पटली. वादळाच्या वेळी अशी फवारणी केलीच नव्हती, असे इथल्या राष्ट्रीय हवामान केंद्राने स्पष्ट केले. तेच वादळ आधी ओमानमध्ये शाळकरी मुलांचे जीव घेऊन आले होते. एवढा पाऊस फवारणीने पाडता येत नाही, हे हवामानशास्त्रज्ञ सांगत राहिले. तरी विमानाची गोष्ट टिकली, कारण ती सोयीची होती. विमान उडवणारा कोणी दुसरा होता. तापत चाललेली हवा आणि पाणी मुरू न देणारी काँक्रीटची शहरे म्हटली, की बोट आपल्याकडे वळते. मी तीच शहरे बांधतो.

आणि त्याच पावसात मी दुसरेही पाहिले. कमरेएवढ्या पाण्यातून पोरे अनोळखी घरांना जेवणाची पाकिटे, पाण्याच्या बाटल्या, म्हाताऱ्यांची औषधे पोचवत होती. शहर बुडाले की माणसे एकमेकांना खातात, असे त्या गेमने मांडले होते. खरे शहर बुडाले तेव्हा एका मजल्यावरचा मल्याळी, पठाण, फिलिपिनो आणि मराठी एकाच पातेल्यातले जेवले. कुणीही वरून हुकूम दिला नव्हता. वाईट करताना आपल्याला मार्ग नसतो आणि चांगले करताना मात्र असतो, असे कसे होईल?

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: ज्या थिअरीने आपली किंवा आपल्या आवडत्या माणसाची सुटका होते, तिची तपासणी सर्वांत कडक करावी. ती खोटीच असते असे नाही, पण ती पटावी अशी आपल्या मनाची आधीच इच्छा असते. न्यायाधीश स्वतःच्या नातेवाइकाचा खटला चालवत नाही, त्यामागचे कारण हेच.

अशी तपासणी कशी करावी, याचे वस्तुपाठ मराठीत आहेत. आगरकरांनी शेक्सपिअरचा हॅम्लेट 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणला. त्याचे काम त्यांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात, एकशे एक दिवसांच्या कैदेत केले. भूत दिसले की भास झाला, या संशयात अडकलेला राजपुत्र त्यांना जवळचा वाटला असेल, तर नवल नाही. पण पुढे 'सुधारक' पत्रात त्यांनी अखेरपर्यंत एकच केले, समाज ज्या सबबींच्या आड उभा होता त्या एकेक बाजूला सारल्या. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये विदुर हा धर्मराजाचा पिता असावा का, असा तर्क मांडला. आजच्या मुलांच्या भाषेत ती थिअरीच. पण तो मांडताना त्या ग्रंथातल्या खुणा पुढे ठेवतात आणि आपले अनुमान कुठे संपते तेही लपवत नाहीत. आणि महाभारतातल्या कुणालाही, देवपण देऊन वा शाप पुढे करून, आपल्या कर्मातून सुटू देत नाहीत.

आमच्या घरी त्या रात्रीनंतर आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. कोणत्याही गोष्टीच्या शेवटावर वाद घालायचा, तर आधी जे घडले ते सांगायचे, अर्थ नंतर. "लेखकानेच सांगितले आहे" या वाक्याने वाद थांबवायचा नाही, कारण लेखक खूण देतो, निर्णय आपला असतो. आणि प्रत्येक थिअरी मांडून झाली, की तिला एक प्रश्न विचारायचा: हिच्यामुळे कोण सुटते आणि कोण विसरले जाते? गावोगावच्या आणि परदेशातल्या मराठी घरांनीही हे करून पाहावे. आमची मंडळे दरवर्षी नाटके बसवतात, व्याख्याने ठेवतात. एखादी संध्याकाळ मुलांच्या गेमसाठी ठेवा. मुलांना बोलू द्या, मोठ्यांनी ऐकावे, आणि मोठ्यांनीही आपापल्या वह्या उघडाव्यात. घरकामाला येणाऱ्या बाईचा पगार उशिरा देताना, ड्रायव्हरला रात्री बारापर्यंत ताटकळत ठेवताना आपण कोणती थिअरी मनाशी म्हणतो, ते मुलांना ऐकू येतेच. वॉकरला सोडवण्याचे शिक्षण त्यांना तिथे मिळते.

भाचा पुण्याला परतला. जाताना म्हणाला, "मामा, मला अजूनही वाटतं तो मेलेलाच आहे." वाटू दे. पुढे तो म्हणाला, "पण गोळे त्यानंच टाकले." एवढे मला पुरेसे आहे. १५ जून येईल, साइटवर साडेबाराचा भोंगा होईल. सळयांवर कोण आहे, त्यांची नावे आता मला माहीत आहेत. वही माझ्याच हातात असेल आणि पेनही.